आजचा टाका, उद्याचा तडा

जेसीबी चालू असलं की बघ्यांची गर्दी जमते आणि सगळ्यांचे डोळे त्या पिवळ्या हातावर खिळतात. जमिनीला प्रत्यक्ष भिडते ती मात्र बकेटच्या ओठावर बसवलेली बोटभर जाडीची पोलादी पट्टी, आणि तिच्यावरचे चार-सहा दात. या पट्टीला आमच्या धंद्यात ब्लेड म्हणतात. इंजिनाची ताकद, हायड्रॉलिक पंपाचा दाब, ऑपरेटरचा हात, हे सगळं शेवटी त्या ब्लेडच्या धारेतून मातीत उतरतं. धार बोथट झाली की मशीन तेवढंच काम जास्त डिझेल जाळून करतं. ब्लेड तुटलं की मशीन उभं राहतं, आणि मग माझा फोन वाजतो.

सिन्नरजवळ नाशिक-पुणे रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. शेततळी, विहिरी, धरणातला गाळ, प्लॉट पाडणं अशा कामांवरची मशीनं माझ्याकडे येतात. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला, त्या वर्षांत डोझर, ग्रेडर आणि पोकलेनची ब्लेडं लावायला आम्ही मशीन-जनरेटर घेऊन साइटवरच जायचो. या सगळ्या काळात एक समजूत मला जागोजागी भेटली: लोखंडाला लोखंड जोडायचंय, त्यात काय एवढं? ज्याला गेट जोडता येतं, त्याला ब्लेडही जोडता येईल. या समजुतीपायी दर मोसमात किती बकेटी फाटतात ते मी बघतो, म्हणून हे लिहायला बसलोय.

आम्ही पिढीजात लोहार. माझे वडील फाळ, टिकाव, पहारी पाजवायचे. पहारीचं टोक भट्टीत लाल करायचं, फक्त टोक पाण्यात बुडवायचं, बाहेर काढून दगडावर झटकन घासायचं आणि नजर लावून बसायचं. मागच्या भागातली धग टोकाकडे सरकू लागली की घासलेल्या चकचकीत जागेवर रंग चढायचे. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग टोकाशी पोचला की अख्खी पहार पाण्यात. पिवळ्यावर थांबवली तर टोक कडक, पण ठिसूळ. निळ्याच्या पुढे जाऊ दिली तर चिवट, पण मऊ. पिवळा रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो आणि निळा ३०० च्या आसपास, हे आकडे मला पुढे आयटीआयत कळले. वडील रंगावरच चालायचे, आणि त्यांची पहार काळ्या पाषाणावर वाकत नसे की उडत नसे.

कारखान्यातून येणारं ब्लेड याच तत्त्वावर बनतं. पोलादात थोडा कार्बन, थोडं मँगनीज आणि ०.००१ ते ०.००३ टक्के एवढंसं बोरॉन घालतात. पट्टी ८५०-९०० अंशांपर्यंत तापवून पाण्याच्या फवाऱ्यांनी एकदम थंड करतात आणि गरजेप्रमाणे पुन्हा हलकी तापवतात. कडकपणा मोजायचा तर कठीण गोळी ठरावीक वजनाने पृष्ठावर दाबतात आणि पडलेल्या खळीवरून ब्रिनेल नावाचा आकडा काढतात. गेट-खिडक्यांच्या साध्या लोखंडाचा हा आकडा १२० ते १५० असतो. एसएसएबी या स्वीडिश कंपनीची हार्डॉक्स ही पट्टी आपल्याकडे सर्रास मिळते. तिच्या नावापुढे ४००, ४५०, ५०० असे जे आकडे येतात, तो हाच कडकपणा. गिऱ्हाईक म्हणतं, ५०० ची लावा, जास्त टिकेल. झिजायला ती खरंच जास्त टिकते. पण आकडा चढतो तशी ती जोडायला अधिक नाजूक होत जाते, आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

यातलं मर्म समजून घेण्यासारखं आहे. वेल्डिंग करताना टाक्याखालचं पोलाद वितळतं, म्हणजे तिथे १५०० अंशांच्या आसपास तापमान असतं. त्याला लागून असलेला दोन-चार मिलिमीटरचा पट्टा वितळत नाही, पण लालभडक होतो. ब्लेड जाड आणि थंड. ते ही धग इतक्या झपाट्याने ओढून घेतं की तो पट्टा, पाण्याचा थेंब न लागता, पाण्यात बुडवल्याइतका कडक होतो. कारखान्याने कडकपणा हिशेबाने दिलेला असतो, हा बेहिशेबी असतो आणि काचेसारखा फुटतो. त्याच्या पलीकडचा पट्टा लाल होण्याइतका तापत नाही, पण चारशे-पाचशे अंशांपर्यंत जातो. तिथलं मूळचं पाणी उतरतं आणि तो मऊ पडतो. एकाच टाक्याच्या कडेला एक ठिसूळ पट्टा आणि एक मऊ पट्टा तयार झाला. बकेट खडकावर आपटते तेव्हा हिसका नेमका तिथेच बसतो.

तरीही हा ठिसूळ पट्टा एकटा क्वचितच घात करतो. त्याला साथ मिळते ओलाव्याची. पाणी रॉडवरच्या लेपात असतं, ब्लेडवरच्या गंजात असतं, पावसाळी हवेत असतं. ग्रीस आणि तेलातही हायड्रोजन असतोच. आर्कच्या उष्णतेत हे सगळं फुटून हायड्रोजन मोकळा होतो आणि वितळलेल्या पोलादात विरघळतो. पोलाद गोठल्यावरही तो थांबत नाही. त्याचा अणू इतका बारीक की घट्ट पोलादातूनही तो वाट काढतो, आणि जिथे पोलाद कडक आणि ताणलेलं असेल तिथे जाऊन साचतो. मग त्या जागी आतल्या आत तडा जातो. टाका वरून सुबक दिसतो, तडा त्याच्या पोटाखाली असतो. आणि तो वेल्डिंग चालू असताना जात नाही. जोड थंड झाल्यावर, कधी चार तासांनी तर कधी दोन दिवसांनी जातो.

संध्याकाळी ब्लेड लावलं, रात्री मशीन गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी टाक्याच्या कडेने सरळ रेषेत उकलली, की मालक म्हणतो वेल्डिंग कच्चं होतं. मी ती तुटकी कड हातात घेऊन बघतो. टाका बहुतेक वेळा शाबूत असतो, शेजारचं ब्लेड फुटलेलं असतं. वेल्डरला शिव्या देण्याआधी प्रत्येक मालकाने ही तुटकी कड नीट बघावी.

आता रॉडचं. गावोगावच्या दुकानांत ६०१३ नंबरचा रॉड चालतो. आर्क सहज धरतो, टाका देखणा पडतो, ग्रिल-गेटला उत्तम. पण त्याच्या लेपातच ओलावा असतो, तो तसाच बनवलेला असतो. कडक ब्लेडला तो लावू नये. तिथे ७०१८ लागतो. या आकड्यातल्या ७० चा अर्थ दर चौरस इंचाला ७०,००० पौंड एवढी ताण सोसण्याची ताकद, पण आमच्या दृष्टीने त्याचा खरा गुण असा की त्याचा लेप कोरडा असतो. कोरडा म्हणजे पाकीट बंद असेपर्यंत. पाकीट फोडून आषाढातल्या हवेत ठेवलं की तो पापडासारखा सादळतो. मग त्याला ३०० ते ३५० अंशांवर दोन तास भाजावं लागतं आणि वापरेपर्यंत शंभराच्या वरच्या उबेत ठेवावं लागतं. काही ठिकाणी लाकडी पेटीत बल्ब लावून रॉड ठेवतात. कोरडा रॉड त्यात काही काळ कोरडा राहील, पण सादळलेला रॉड बल्बने सुकत नाही. तुमच्या वेल्डरकडे रॉड भाजायचा ओव्हन आहे का, एवढं बघितलंत तरी त्याच्या कामाबद्दल बरंच कळतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आधी तापवणं. जोडाची जागा गॅसच्या ज्योतीने सावकाश गरम करायची, म्हणजे टाका पडल्यावर ब्लेड धग तेवढ्या झपाट्याने ओढत नाही, जोड हळू थंड होतो, शेजारचा पट्टा तेवढा ठिसूळ होत नाही आणि हायड्रोजनलाही बाहेर निसटायला वेळ मिळतो. पट्टीचा दर्जा आणि जाडी पाहून मी साधारण १५० ते २०० अंशांपर्यंत जातो. हार्डॉक्ससारख्या पट्टीला मात्र दोन टाक्यांच्या मधेही २२५ च्या वर जाऊ देत नाही, नाहीतर पैसे मोजून आणलेला कडकपणाच उतरतो. मोजण्यासाठी ठरावीक तापमानाला वितळणारा खडू मिळतो, हल्ली पिस्तुलासारखा थर्मामीटरही मिळतो. ज्योत ज्या बाजूने मारली त्याच्या उलट बाजूला मोजायचं, कारण ज्योतीसमोरचा पृष्ठभाग फसवतो. पाण्याचा थेंब टाकून बघायची जुनी रीत अगदीच टाकाऊ नाही. थेंब चुर्रकन उडाला तर शंभराच्या वर, आणि गोळी होऊन पृष्ठावर नाचत पळाला तर दोनशेच्या आसपास. पण खडू स्वस्त आहे, तो वापरावा.

‘मिस्त्री, तापवण्यात तुम्ही दोन तास घालवता. तेवढ्यात दुसरा लावून मोकळा झाला असता,’ असं एका मालकाने मला तोंडावर सांगितलं होतं. खरंच झाला असता.

काम असं चालतं. बकेट जमिनीवर टेकवून खाली ठोकळे लावायचे. बॅटरीच्या तारा सोडायच्या. बांधकाम-यंत्रांसाठी एप्रिल २०२१ पासून धुराचे नवे नियम आले, तेव्हापासून इंजिनावर इलेक्ट्रॉनिक्स फार वाढलंय आणि वेल्डिंगच्या करंटने ते जळू शकतं. अर्थिंगचा क्लॅम्प बकेटवरच, जोडाच्या जवळ लावायचा. तो मागे चेसिसला लावला तर करंट पिन, बुश आणि सिलिंडरमधून वाट काढतो आणि तिथे बारीक खड्डे पाडतो. मग जुनं ब्लेड गॅस कटरने किंवा कार्बन रॉडने कोरून काढायचं, पण मूळ ओठात खोल न जाता. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ग्राइंडरने घासायचे. ओठ सरळ आहे का ते सूतदोरी धरून बघायचं, कारण वाकड्या ओठावर सरळ ब्लेड दाबून बसवलं तर ताण आधीपासूनच आत बसतो. रंग, गंज, ग्रीस सगळं काढून चकचकीत पोलाद दिसलं पाहिजे. टाके मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे न्यायचे, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, म्हणजे पट्टी ओढली जात नाही. दात ज्यावर बसतो तो अ‍ॅडॉप्टर लावताना टाक्याची सुरुवात किंवा शेवट कोपऱ्यावर येऊ द्यायचा नाही, आणि ओठाच्या अगदी पुढच्या कडेवर आडवा टाका मारायचा नाही. तडा नेहमी अशाच जागा शोधतो.

झालं की झाकायचं. आम्ही काचलोकरीची चादर टाकतो. ती नसेल तर कोरडी राख किंवा कोरडा चुना चालतो. वारा लागू द्यायचा नाही. आणि गार व्हावं म्हणून पाणी तर कधीच ओतायचं नाही. चांगलं लावलेलं ब्लेड ऑपरेटरने बादलीभर पाणी मारून घालवलेलं मी पाहिलंय. शक्य असेल तर दोन दिवसांनी लाल रंगाचा स्प्रे आणि पांढरा डेव्हलपर मारून तपासावं. वर उघडणारा तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

इथे पाट्यांबद्दल बोललं पाहिजे. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे भंगारात स्वस्त मिळतात, कडक असतात, म्हणून ब्लेडच्या जागी ते लावायची चाल सगळीकडे आहे. पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, साध्या लोखंडात तो ०.२ च्या आसपास. पोलाद वेल्डिंगला किती अवघड आहे हे ठरवायला एक हिशेब करतात. कार्बनचा आकडा, त्यात मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियमचा पाचवा भाग अशी बेरीज. ही बेरीज ०.४ च्या वर गेली की न तापवता हात लावू नये. पाट्याची बेरीज त्याच्या जवळजवळ दुप्पट भरते. त्यातून ६०१३ च्या रॉडने थंड पाटा लावला तर तो तुटणारच. पाटा गाळाच्या कामाला, नीट तापवून लावला तर चालतो. खडकाला पाटा लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुटलेला तुकडा उडून माणसाला लागतो, तेव्हा वाचवलेले पैसे कुठेच राहत नाहीत.

याच्या अगदी उलट वागणारं एक पोलाद आहे. १८८२ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला रॉबर्ट हॅडफील्ड याने सुमारे १२ टक्के मँगनीज घातलेलं पोलाद शोधलं. ते मुळात फारसं कडक नसतं, पण मार खाईल तसं त्याचं पृष्ठ कडक होत जातं आणि पोट चिवट राहतं. खडी क्रशरचे जबडे, रेल्वे रुळांच्या फाट्यावरचे तुकडे, मोठ्या शॉव्हेलचे जुने दात यात ते सापडतं. याला तापवलं की ते बिघडतं. अडीचशे-तीनशे अंशांच्या वर जास्त वेळ राहिलं तर ठिसूळ होतं. म्हणून छोटे टाके मारायचे, थांबायचं, हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. काही जण तर जोडाची जागा तेवढी वर ठेवून बाकीचा तुकडा पाण्यात बुडवतात, आणि ते बरोबर आहे. म्हणजे एका पोलादाला जे औषध, ते दुसऱ्याला विष. ओळखायचं कसं? थोडं घासून लोहचुंबक लावा. या पोलादाला तो चिकटत नाही. कार्बनचा अंदाज ग्राइंडरच्या ठिणग्यांवरून येतो. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ. जास्त कार्बन असेल तर आखूड आणि टोकाशी फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. लावण्याआधी हे बघायला काही मिनिटं लागतात.

ब्लेड कशावर चालणार यावरही बरंच ठरतं. आमच्याकडचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातली खनिजं कडक पोलादाच्या जवळपास कठीण असतात, पण त्याच्या पोकळ्यांत जी गारगोटी भरलेली असते ती त्याहून कठीण. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी नावाचं खनिज-संग्रहालय आहे, तिथे आपल्याच खडकाच्या पोटातलं हे सगळं बघायला मिळतं. खडकात ब्लेडला मार बसतो, तिथे चिवटपणा हवा. नदीच्या वाळूत आणि गाळात मार नसतो, घासणं असतं, तिथे कडकपणा हवा. वाळूच्या कामासाठी आम्ही ब्लेडवर हार्डफेसिंग करतो. क्रोमियम कार्बाइडच्या रॉडने वर पट्टे किंवा जाळी ओढायची. जाळीच्या घरांत माती दाबून बसते आणि तीच ब्लेडचं रक्षण करते. हे टाके थंड होताना टिक टिक आवाज करत आडवे तडकतात. बघणारा घाबरतो, पण हे तडे चालतात, त्यांतून ताण मोकळा होतो. फक्त ते खालच्या ब्लेडमध्ये उतरू नयेत म्हणून आधी चिवट रॉडचा एक थर द्यायचा आणि वर दोन-तीनपेक्षा जास्त थर चढवायचे नाहीत.

बोल्टने बसणाऱ्या ब्लेडांची कथा सोपी आहे. ग्रेडरचं ब्लेड एक कड झिजली की उलटून लावता येतं. बोल्ट कडक जातीचेच घ्यावेत, पहिल्या काही तासांनी पुन्हा आवळावेत, आणि नट सुटू नये म्हणून त्याला टाका मारू नये. उष्णतेने बोल्टचाच कडकपणा जातो.

आणि माणसाचं. कडक दाताची पिन कडक हातोड्याने ठोकताना कपची उडते आणि डोळा जातो. चष्मा घातल्याशिवाय माझ्या दुकानात कुणी हातोडा उचलत नाही. वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत मोडतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्येच ठरवलंय. हार्डफेसिंगच्या धुरात क्रोमियम आणि मँगनीज असतं. मँगनीज वर्षानुवर्षं छातीत गेलं तर मेंदूवर परिणाम होऊन हात थरथरू लागतात. ज्याचं पोट हातावर आहे, त्याला आपण साधा पंखा आणि नीट मास्कही देत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मशीनमालकांना माझं सांगणं एवढंच. ब्लेड मूळ ओठापर्यंत झिजेस्तोवर चालवू नका. ओठ गेला की बकेटच कापावी लागते. ब्लेड बोटभर उरलं की फोन करा, म्हणजे पट्टी आणून ठेवता येते आणि रॉड भाजता येतात. आणि संध्याकाळी आणलेलं मशीन सकाळी मागू नका. एक रात्र आणि त्यापुढचा एक दिवस त्या जोडाला द्या.